उजाड सावंगीचा म्हातारा

निंबखेड, माघ वद्य चौथ, शके १७८६

आत्याबाई,

तुमच्या पायावर डोकं ठेवून राह्यली, दुरूनच. जवळून ठेवाले गेली होती तवा तुमी पाय आवरून घेतले होते.

हे पत्र तुमचे जावई सहदेवभाऊ वाचून दाखवतीन. सहदेवभाऊ, अक्षराले हसू नका. मायच्या गावी मठातल्या बाईनं राखेत माहं बोट धरून शिकवलं तेवढंच मले येते. आत्याबाई उठून गेल्या त सुभद्राबाईले बसवा अन तिले वाचून दाखवा. मायपाशी लेकीचं चालते, सुनेचं चालत नाही.

लेकरू बरं आहे. सहा महिन्याचं झालं. तुमी त्याचं तोंड पाह्यलं नाही. नाक तुमचं आहे. पाळण्यात नाव घातलं नाही अजून. आपल्या घरी नाव सासूनं सांगाचं असते, तुमीच म्हणलं होतं. गावातले पोट्टा म्हणतात, मीही पोट्टाच म्हणतो.

लिवाचं कारण असं, की मोजणीचे लोक साखळ्या घेऊन शेजारच्या गावात आले आहेत. पाडव्यानंतर आपल्या गावात येतीन. ज्याच्या नावानं वावर लिवतीन त्याचं ते कायम. अन नाल्यापलीकडचं आपलं वावर खुशालराव पाटील आपल्या नावानं लिवून घेऊन राह्यले. चावडीवर सगळ्यांपुढं मले म्हणे, "तुह्या सासऱ्याचा बाप माह्या आज्याच्या बैलामागं चालत आला वं. उपरी माणसं तुमी. आज आहात, उद्या नाही."

मी म्हणलं, "आमी सावंगीचे. सावंगी उजाड झाली म्हणून इकडं आलो."

त पाटील हासले. "कोणती सावंगी? त्या नाल्यापलीकडं बोरीबाभळी आहेत अन ससे आहेत. सशाईची पाटीलकी पाहिजेन का तुले?" सगळे हासले. मंग म्हणे, तरणीताठी आहे, पाट लावून घे अन जाय, लेकरू राहू दे नाहीत घेऊन जाय.

माहा भाऊ भगवंत अकोल्याच्या कचेरीत जाऊन आला. तिथल्या कारकुनानं गंज दप्तर पाह्यलं, ढीगच्या ढीग. म्हणे, सावंगी नावाचा कागदच इथं नाही. निंबखेडच्या कागदात मामंजीचं नाव आहे, पुंजाजी, पण त्याहीच्या बापाचं नाव नाही. बापाच्या जागी उपरी लिवलं आहे.

आत्याबाई, तुमी एक डाव या. तुमी बोलल्या की पाटलाचा आवाज बसते, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे.

घरी सगळं ठीक आहे. शेजारच्या गोदाबाईच्या ओसरीत बसून लिवून राह्यली, इथं उजेड बरा पडते.

जमुना


फाल्गुन शुद्ध तीज

आत्याबाई,

गाडीवाल्याले इचारलं, काय म्हणल्या? त म्हणे, पत्र पोचलं म्हणल्या. बस? म्हणे, बस. पाणी पाजलं मले, चांगली बाई आहे.

चांगल्या आहात हे त्यानं मले काय सांगाचं. मी कोवळी पोर होती, वेचणीच्या पहिल्या दिवशी बोंडाच्या टोकानं बोटं फाटली तवा तुमी गोडंतेल लावून दिलं होतं. ओटी कशी बांधाची ते तुमी दाखवलं. कमरेले ताण नको, खांद्यावर घे, कापूस हलका असते पण दिवस जड असते, असं म्हणल्या होत्या. त्या साली घरात आढ्यापर्यंत कापूस होता. निजाले जागा नव्हती म्हणून तुमी अन मी कापसावरच निजलो. सकाळी तुमच्या केसात कापूस, माह्या केसात कापूस. तुमचे भाऊ आले होते त म्हणाले, "ह्यातली म्हातारी कोणती?" तुमी किती हासल्या होत्या. मले तो तुमचा आवाज अजून ऐकू येते, सकाळी कापसाची गंजी दिसली की.

आता समुद्रापार कुठं लढाई चालू आहे म्हणे, अन आपल्या कापसाले चांदीसारखं पाहून राह्यले लोक. पाटलानं बैलाच्या शिंगाले चांदीचे टोप केले. बैल मान झटकते, त्याले काय त्याचं. हा भाव नसता त पलीकडच्या वावराकडं कोणी पाह्यलं नसतं. अन हे बी कापसाच्या त्या खेपेले जाऊन जीवाले मुकले नसते.

सहदेवभाऊ, आता पुढचं वाचू नका. त्या दिवशी, अजून एक खेप कर म्हणून कोणं म्हणलं अन शिदोरी कोणं बांधली, हे मी कोणाले सांगतलं नाही. सांगणारही नाही. पांढऱ्या पायाची म्हणलं त म्हणू द्या. आता वाचा.

एक गोष्ट आठवली म्हणून लिवून राह्यली. नवी नवरी होती तवा तुमी मले नाल्यापलीकडं नेलं होतं. डोक्यावर टोपलं, टोपल्यात रोडगे अन वांग्याची भाजी. बोरीतून वाट काढत गेलो. तिथं एक टेकाड होतं, माती पांढरी, राखेसारखी. खापरं पडली होती, एक पाटा उलटा पडला होता. तुमी मले त्या मातीवर डोकं टेकवाले लावलं. म्हणल्या, "हे आपली पांढर आहे, पोरी. घरं होती इथं. आपल्या घरच्या पहिल्या लेकराचं जावळ इथंच उतरते. निंबखेड आपला मुक्काम आहे, गाव नव्हे."

मंग परत येताना तुमी घरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतली होती. तुमच्या सासऱ्याची. म्हाताऱ्याचं तोंड तव्यासारखं काळं होतं, अन पाठ गोरी. कावून, की सरकारी सारा भराले तो चालत जाये त सकाळचा दिवस तोंडावर, अन वापस ये त संध्याकाळचा दिवस तोंडावर. लोक त्याले चिडवत, दिवस तुह्यावर रुसला का रे.

आत्याबाई, मी कालपासून हेच घोकून राह्यली. अकोला आपल्याले मावळतीकडं आहे. अकोल्याले सारा भराले गेला असता त सकाळी दिवस पाठीवर असता, अन वापस येताना बी पाठीवर. तोंड गोरं राह्यलं असतं, पाठ काळी झाली असती. म्हातारा अकोल्याले जातच नव्हता. तो उगवतीकडं जाये. उगवतीकडं अमरावती आहे.

मी भगवंतले सांगतलं. तो म्हणे, "बाई, म्हाताऱ्याच्या तोंडावरून कोणी कचेरी शोधते का?" मी म्हणलं, तुह्यापाशी दुसरं काय आहे? परवा तो कापूस घेऊन अमरावतीच्या बाजाराले जाऊन राह्यला. मी बी गाडीवर जाऊन राह्यली, लेकराले घेऊन. भेव लागते. गावाबाहीर इतक्या दूर कधी गेली नाही.

जमुना


फाल्गुन वद्य पंचमी

आत्याबाई,

अमरावतीले जाऊन आली.

आधी हे सांगतो, की म्हाताऱ्याची गोष्ट खरी आहे. सकाळी गाडी जुंपली की दिवस असा तोंडावर ये, की लेकराच्या डोळ्यावर पदर धरून धरून हात भरून आला. अन वापस येताना रिकामी गाडी, दुपार उतरली की पुन्हा तोंडावर. भगवंत म्हणे, "आता मले पटलं, पण माहं कातडं गेलं." मले वाटलं, माह्या अगोदर या घरचं एक माणूस याच वाटेनं असंच डोळे बारीक करून चाललं असन. त्याचं नाव मले माईत नाही, पण त्याच्या डोळ्याले काय लागलं ते माईत झालं.

कापसाच्या बाजारात उभं राहाले जागा नव्हती. बाया, गाड्या, बैल, अन वरून कापूस उडते, सगळ्यांच्या मिश्या पांढऱ्या. मले तुमची आठवण आली.

परकोटाच्या आत एका बोळात जुन्या परगण्याचे दप्तरदार राह्यतात. आता त्याहीले कोणी इचारत नाही, पण कागद त्याहीच्या माडीवरच आहेत, लाल रुमालात बांधून. म्हातारे आहेत, खोकतात. भगवंतनं सांगतलं, सावंगीचा कागद पाहिजेन.

"कोणती सावंगी? माझ्याकडे तीन सावंग्या आहेत."

मी पदराआडून म्हणलं, "लेंडी नाल्यावरची. उजाड."

त्याहीनं मान वर केली. "तिची चौकशी करायला मला मिसरूड फुटल्यापासून कोणी आलं नाही हो."

मंग त्याहीनं समजावून सांगतलं. पहिले नाला हीच शीव होती. नाल्याच्या अलीकडचं निंबखेड अकोल्याकडं, पलीकडची सावंगी अमरावतीकडं. मंग पेंढारी आले, घरं जळाली, गाव उजाड झालं, माणसं जवळ होतं तिथं निंबखेडले गेली. पुढं नवं सरकार आलं, त्यानं जिल्हे पाडले अन नाल्यावरची रेघ उचलून दूर उगवतीकडं नेली. सावंगीचं रान निंबखेडच्या शिवारात पडलं. "रेघ सरकली," म्हणाले, "पण रुमाल होता तिथंच राहिला. तुम्ही अकोल्याला शंभर वर्षं शोधलं असतं तरी सापडला नसता."

आत्याबाई, मी तिथंच बसली. रुमाल सोडला त धुरकट वास आला. कागद मोडी होता. त्याहीनं बोट फिरवत वाचलं, सावंगी, घरं अकरा. मंग इचारलं, "यातलं तुमचं कोणतं?"

भगवंत म्हणे, "पुंजाजीच्या बापाचं."

"पुंजाजी तेव्हा पाळण्यात असेल. पाळण्यातलं पोर सारा भरत नाही. बापाचं नाव सांगा."

भगवंतनं माह्याकडं पाह्यलं. मी लेकराकडं पाह्यलं.

माईत नाही ना, आत्याबाई! तुमी सून, तुमी सासऱ्याचं नाव कसं घेसान. तुमी म्हातारा म्हणत होत्या. मामंजी बी म्हातारा म्हणत. घरात सगळे म्हातारा म्हणत, अन मी बी तेच शिकली. नाव घेणारी माणसं सगळी गेली, अन उरल्या नाव न घेणाऱ्या आपण दोघी.

दप्तरदार म्हणाले, "अहो, नाव राखता राखता तुम्ही माणूसच हरवला की." पण रागावले नाहीत. अकरा नावं मले समजतीन अशा बालबोध अक्षरात उतरून दिली, शिक्का मारला. म्हणाले, घरचं कोणी जाणतं माणूस मोजणीवाल्यापुढं शपथेनं सांगू दे की यातलं आमचं हे. मंग काम होईन.

तो कागद माह्या चोळीत आहे. हरबाजी, नागोजी, सूर्यभान, मोतीराम, गोमाजी, आणखी सहा. रोज वाचून राह्यली. यातला एक आपला म्हातारा आहे अन मी त्याले वळखत नाही.

आत्याबाई, नाव सांगा. तोंडानं नका सांगू, अकराही नावं वेगळ्या चिठ्ठीत उतरून सोबत धाडली आहेत, सहदेवभाऊ एकेक वाचतीन, आपलं आलं की नुसती मान हालवा. तेवढ्यानं पाप लागन का?

जमुना


फाल्गुन वद्य तेरस

आत्याबाई,

सुभद्राबाईचा निरोप आला. तिलेही म्हाताऱ्याचं नाव माईत नाही, तिच्या जन्माआधीच तो गेला म्हणे. अन तुमी मान हालवली नाही. सहदेवभाऊंनी कागद काढला की तुमी उठून चुलीपाशी गेल्या म्हणे.

अन एवढ्यानं झालंही नसतं. भगवंत मोजणीच्या कारकुनाले इचारून आला. तो म्हणे, चिठ्ठीतून मान हालवलेली चालत नाही, माणूस पुढं पाहिजेन.

मंग आता सगळंच सांगतो. मी पहिल्या पत्रात घरी ठीक आहे लिवलं ते खरं नव्हतं. माघातच पाटलानं आपल्या घराले कुलूप घातलं. घराची जागा बी त्याहीचीच आहे म्हणे, उपऱ्याले दिली होती. मी गोदाबाईच्या ओसरीत राहून राह्यली. तुमचं जातं आतच राह्यलं. गोदाबाईच्या जात्यावर दळतो पण हात बसत नाही, तुमच्या जात्याचा खुंटा माह्या हाताले माईत होता.

अन अमरावतीहून आल्यावर लेकराले ताप आला होता. आता उतरला, खरंच उतरला. पण त्या दोन दिवसात मले असं वाटलं की हे बी गेलं त या घरचं काय राह्यलं? कागदावर नाही, वावरात नाही, पाळण्यात बी नाही. नाव बी नाही त्याले. कोणतं नाव घेऊन रडाचं होतं मी?

मले तुमचा राग येत नाही. खरं त येते. तुमी लेक गमावला, मी बी कोणी गमावलंच ना? तुमी लेकीकडं गेल्या. मी कुठं जाऊ? भगवंतच्या बायकोनं दोनदा इचारलं, किती दिवस हे चालणार.

तिजेले, पाडवा झाल्यावर, मोजणीवाले आपल्या नाल्यावर येणार. पाटलानं त्याहीच्यासाठी बकरं पाहून ठेवलं. तुमी नाही आल्या त मी एकटी जाऊन उभी राहीन. काय बोलाचं ते माईत नाही. पण वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून राहीन, लेकराले घेऊन. तुमीच शिकवलं होतं, गाय वावरात शिरली त आरडत नाही बसाचं, वावरात जाऊन उभं राहाचं.

जमुना


चैत्र शुद्ध पंचमी, शके १७८७

सुभद्राबाई,

हे पत्र तुमाले. आत्याबाई इथंच आहेत, चुलीपाशी बसून मले सांगून राह्यल्या हे लिव, ते लिव. मी माह्या मनानं लिवून राह्यली.

तुमी त्याहीले गाडीत बसवून दिलं अन मले कळवलं नाही. कळवलं असतं त मी त्या दिवशी इतकी भ्याली नसती. पण असो.

तिजेले सकाळीच नाल्यावर साखळी पडली. मोजणीचा कारकून टेबल लावून बसला होता, पुण्याकडचा, तरणा, डोक्यावर छत्री धरलेली. पाटील बाजूले. मी धुऱ्यावर. भगवंतनं अमरावतीचा कागद पुढं ठेवला. कारकुनानं वाचला, शिक्का पाह्यला, म्हणाला, "गाव होतं खरं." पाटलाचं तोंड उतरलं, पण लगेच म्हणे, "गाव असन. पण त्या अकरात हिचे लोक कोण? इचारा तिले. तिले सासऱ्याचा बाप माईत नाही, अन वावर पाहिजेन."

कारकुनानं मले इचारलं. मी खाली पाह्यलं. कागद मले तोंडपाठ होता, पण कोणतं नाव आपलं म्हणू? खोटं बोलली असती त लेकरानं जलमभर दुसऱ्याचा बाप वागवला असता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय रे खुशाल, बाईमाणसाले उन्हात उभं करून सावलीत बसला? तुही माय असती त तुह्या पाठीत लाटणं घातलं असतं."

तुमची माय. बोरीतून आली, पायात काटे, डोक्यावर रोडग्याचं टोपलं. पाटील उठूनच उभे राह्यले, "मैनाकाकू, बसा," म्हणाले. त्या बसल्या नाहीत.

कारकुनानं कागदाची घडी करून हाताखाली ठेवली. म्हणाला, "आजी, तुम्हांला वाचता येतं?"

"नाही बापा. चूल पेटवता येते."

"मग सांगा, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

सुभद्राबाई, सगळे त्याहीच्याकडं पाहाले लागले. साखळीवाले बी. आत्याबाईंनी पदर पुढं ओढला, माणसाईकडं पाठ केली, पांढरीच्या टेकाडाकडं तोंड. कान धरले. अन मोठ्यानं म्हणल्या,

"सूर्यभान."

कारकुनानं घडी उघडली. तिसरं नाव.

मंग मले समजलं, त्या सूर्य कधी म्हणतच नव्हत्या, दिवसच म्हणत. रथसप्तमीले मी एक डाव ते नाव घेतलं त चिमटा काढला होता मले.

पाटील म्हणे, "सुनेनं सांगून ठेवलं असन तिले, पत्रातून."

आत्याबाई वळल्या. "तुह्या आज्यानं माह्या सासऱ्याचे बैल मागून पेरणी केली होती, खुशाल. ते बी सांगू का इथं? बैलाची नावं बी माईत आहेत मले. बैलाची नावं घ्याले मले बंदी नाही." साखळीवाले इतके हासले की साखळी हातातून सुटली.

कारकून लिवाले लागला. सूर्यभान, त्याचा पुंजाजी. मंग माह्याकडं पाहून म्हणाला, "मुलाच्या बापाचं नाव?"

भगवंतनं तोंड उघडलं. त आत्याबाई म्हणल्या, "थांब रे. तिले सांगू दे."

मी कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही पुटपुटत. त्याहीले हाक माराची त मी बांगड्या वाजवत होती. आता बांगड्या नाहीत. मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं. चंद्रभान.

आत्याबाई रडल्या नाहीत. मले म्हणल्या, "मीच बांधली होती ती शिदोरी." मी म्हणलं, माईत आहे. बस, एवढंच झालं.

"आणि मुलाचं?" कारकून इचारते.

"तेच," आत्याबाई म्हणल्या.

"तेच म्हणजे?"

"आता म्हणलं ना एक डाव बापा! दुसऱ्यांदा म्हणाले लावू नको मले."

वावर लेकराच्या नावानं लिवलं, सूर्यभान वल्द चंद्रभान, पालक म्हणून माहं नाव. घराची जागा बी त्याच कागदानं लढतो म्हणून भगवंत म्हणून राह्यला, पण पाटलानं कुलूप कालच काढून नेलं. आत गेली त जात्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. आत्याबाईंनी पदरानं पुसलं अन दळाले बसल्या. मी पुढून खुंटा धरला.

आता नातवाले हाक माराची पंचाईत झाली आहे. त्याचं नाव त्याहीच्या तोंडून निघत नाही. सकाळपासून, "ए म्हाताऱ्या, इकडं पाहाय, ए म्हाताऱ्या," चालू आहे. अन ते बोळकं हासून राह्यलं.

सुभद्राबाई, जावळ परवा आहे, पांढरीवर. केस आत्यानं झेलाचे असतात, दुसऱ्या कोणाच्या ओटीत चालत नाहीत, त तुमाले यावं लागन. सहदेवभाऊले आणा. टोपल्यातले रोडगे त्याच दिवशी पाखराईनं खाल्ले, नवे करू. येताना बाळापूरचे वांगे आणा, आमच्याकडच्याले कीड आहे.

तुमच्या भावाचं नाव मी वर दोनदा लिवलं. आत्याबाईले सांगतलं. त्या म्हणल्या, राहू दे, खोडू नको.

जमुना